एकवीस सेकंदांची वाटचाल

बालाघाटच्या पठारावर, धुळे-सोलापूर महामार्गालगत वसलेल्या चौसाळ्यासारख्या गावात भल्या पहाटे जो कोणी रस्त्यावर येईल, त्याला पोलीस भरतीची अथवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतील. आणि त्यांतील कोणालाही थांबवून विचारले, तर आपण सोळाशे मीटर किती वेळात काढतो याचा हिशेब तो सेकंदापर्यंत सांगेल. ज्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परमुलुखात जातात, त्या बीड जिल्ह्यात धावणे ही उपजीविकेची एक वाट होऊन बसली आहे. त्याच वाटेने आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश मुकुंद साबळे सैन्यात दाखल झाला, आणि पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेस या अत्यंत कठीण शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याची कारकीर्द सविस्तर समजून घेणे हे आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ अभिमानाचे नव्हे, तर प्रयोजनाचेही काम आहे, अशी माझी दृढ धारणा आहे.

अविनाशविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक कथा वारंवार येते. अवर्षणग्रस्त गाव, अल्पभूधारक आणि वीटभट्टीवर राबणारे आईवडील, सहा किलोमीटरांवरची शाळा, वाहनाची सोय नाही. तेव्हा मुलगा कधी चालत, कधी धावत शाळेत जाई, आणि असा धावता धावताच तो धावपटू झाला. यातील तपशील खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज या तालुक्यांत सहा किलोमीटर पायपीट करून शिकलेल्या मुलांची गणती करणे अशक्य आहे. दारिद्र्य आणि अंतर यांनीच धावपटू घडत असते, तर मराठवाड्याने आजवर ऑलिंपिकला पथकेच्या पथके धाडली असती. अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याने एकाही गंभीर शर्यतीत भाग घेतलेला नव्हता. म्हणजे बालपणाने त्याला फार तर सोशीक फुप्फुसे आणि कणखर पाय दिले. त्या पायांना दिशा मिळाली ती पुष्कळ नंतर, आणि तीही इतरांच्या नजरेमुळे व एका संस्थेच्या शिस्तीमुळे.

बारावीनंतर अविनाश सैन्यात गेला आणि महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत रुजू झाला. १९४१ साली बेळगाव येथे उभारलेली ही रेजिमेंट महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील तरुणांना परिचित आहे. प्रथम सियाचीनचा हिमप्रदेश, नंतर राजस्थानचे वाळवंट आणि त्यानंतर सिक्कीम, अशी त्याची पहिली वर्षे सरहद्दीवरील कामगिरीत गेली. २०१५ साली तो सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री स्पर्धांत, म्हणजे माळरानावरील दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत उतरला. त्या सुमारास त्याचे वजन बरेच वाढलेले होते; ते सुमारे वीस किलोंनी उतरवून त्याने धावपटूंच्या तुकडीत आपली जागा मिळवली. क्रॉसकंट्रीतील त्याची गती सैन्याचे प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी हेरली आणि २०१७ साली त्याला स्टीपलचेसकडे वळवले. या वळणाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी या शर्यतीचे स्वरूप थोडे बारकाईने पाहावे लागेल.

चारशे मीटरच्या धावपट्टीवर सुमारे साडेसात फेऱ्यांची ही शर्यत असते. आरंभीचा तुकडा मोकळा असतो. त्यानंतरच्या सात फेऱ्यांपैकी प्रत्येकीत चार कोरडे अडथळे आणि एक पाण्याचा अडथळा ओलांडावा लागतो. म्हणजे धावपटू एकूण २८ वेळा कोरडा आणि ७ वेळा पाण्याचा अडथळा पार करतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. कमी पल्ल्याच्या अडथळा शर्यतीतील चौकटी पाय लागताच उलटतात. येथील भक्कम तुळई जागची हालत नाही, त्यामुळे ज्याचा अंदाज चुकला तोच कोसळतो. पाण्याच्या अडथळ्यापुढे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, तुळईलगत सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. बहुतेक धावपटू तुळईवर एक पाय टेकून झेप घेतात आणि खड्ड्याच्या शेवटच्या उथळ भागात दुसरा पाय टेकवून, पाण्यात न रेंगाळता पुढे निघतात.

परंतु या शर्यतीची खरी कसोटी उडीत नसून उडीच्या आधीच्या दहा-पंधरा पावलांत असते. एकशे दहा मीटरच्या अडथळा शर्यतीत दोन चौकटींमधील पावले मोजून ठरवलेली असतात. येथे दोन अडथळ्यांमध्ये जवळजवळ ऐंशी मीटरांचे अंतर असते, गती क्षणोक्षणी बदलते, पुढे आठ-दहा जणांचा घोळका धावत असतो आणि त्याच्या आड तुळई दिसेनाशी होते. अशा वेळी केवळ नजरेच्या अंदाजाने पाऊल लांबवायचे किंवा आखडायचे, लय मोडू द्यायची नाही, आणि हे सारे दर पंधरा सेकंदांच्या आत पुन्हा करायचे, तेही श्वास पुरेनासा झाल्यावर, यासाठी दमदार छाती पुरत नाही. तिला वर्षानुवर्षांच्या तालमीतून कमावलेल्या कौशल्याची जोड लागते. असे कौशल्य शाळेच्या वाटेवर मिळत नाही. ते कोणीतरी शिकवावे लागते.

अमरीशकुमार यांनी ते शिकवले आणि फळ लवकरच दिसू लागले. या शर्यतीतील राष्ट्रीय विक्रम तेव्हा गोपाल सैनी यांच्या नावावर होता. त्यांनी १९८१ साली टोकियोत नोंदवलेली ८ मिनिटे ३०.८८ सेकंद ही वेळ तीन तपे उलटूनही कोणाला मोडता आलेली नव्हती. दुखापतीमुळे अविनाशची २०१८ मधील जाकार्ता आशियाई स्पर्धांची संधी हुकली. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि ३७ वर्षांचा विक्रम इतिहासजमा केला. पुढील मार्चमध्ये पतियाळा येथे ती वेळ ८ मिनिटे २८.९४ सेकंदांवर आली, आणि दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्यपदक पटकावले.

येथे थांबला असता, तरी तो भारतीय क्रीडा इतिहासात मानाने नोंदला गेला असता. आपल्याकडील पुष्कळ गुणी खेळाडूंचे असेच होते: राष्ट्रीय विक्रम हाती आला, नोकरीत बढती मिळाली, सत्कार झाले, की महत्त्वाकांक्षेची इतिश्री होते. अविनाशचे असामान्यत्व मला दिसते ते या टप्प्यानंतर. राष्ट्रीय विक्रमाशी स्वतःला ताडून पाहणे त्याने सोडले आणि केनिया, इथिओपिया व मोरोक्कोचे धावपटू जी गती राखतात, ती आपली मोजपट्टी मानली.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दोहा येथेच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या अडखळण्यामुळे अविनाशचा मार्ग अडला, त्याची लय मोडली, तरीही त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. मात्र अंतिम फेरीसाठी त्याचे स्थान अपुरे पडले. भारतीय पथकाने रीतसर तक्रार दाखल केली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत समाविष्ट करण्यात आले. तीन दिवसांनी त्या फेरीत ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत तो तेरावा आला, पुन्हा राष्ट्रीय विक्रम झाला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रताही लाभली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गुलझारासिंग मान धावले होते; त्यानंतर या शर्यतीत भारताचा पुरुष धावपटू ऑलिंपिकला जाणार होता तो हाच. टोकियोत त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंद अशी आणखी सुधारित वेळ दिली, परंतु आपल्या गटात सातवा आल्यामुळे अंतिम फेरीचे दार त्याच्यासाठी उघडले नाही.

अशा प्रसंगी दैवाला बोल लावून स्वस्थ बसणे सोपे असते. अविनाशने निराळा मार्ग पत्करला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या उंचावरील शहरी, जेथे विरळ हवेत सराव करून शरीराची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता वाढवतात, तेथे प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली तो धावू लागला. २०२२ साली त्याचे फळ एकामागून एक पदरात पडले. मार्चमध्ये तिरुवनंतपुरम येथे ८ मिनिटे १६.२१ सेकंद, मे महिन्यात कॅलिफोर्नियात पाच हजार मीटरच्या सपाट शर्यतीत १३ मिनिटे २५.६५ सेकंदांची वेळ देऊन बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडीत. जूनमध्ये डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत, मोरोक्कोतील रबात येथे, ८ मिनिटे १२.४८ सेकंद. त्याआधी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून तोही राष्ट्रीय विक्रम आपल्या नावे केला होता. तीन निरनिराळ्या पल्ल्यांवर तेव्हा एकाच धावपटूचे आधिपत्य होते, ही गोष्ट लक्षणीयच म्हटली पाहिजे.

आणि मग ६ ऑगस्ट २०२२ चा दिवस उजाडला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांतील त्या शर्यतीचे मोल उमगण्यासाठी केनियाचे या शर्यतीवरील प्रभुत्व ठाऊक असले पाहिजे. १९६८ ते २०१६ या काळात केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याच देशाकडे गेले. राष्ट्रकुल स्पर्धांत तर १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाही स्पर्धांतील तिन्ही पदके, म्हणजे एकूण अठरा पदके, केनियाच्या धावपटूंनीच नेली होती. रिओ ऑलिंपिकचा विजेता कॉन्सेसलस किप्रुतो हाही त्या दिवशी धावपट्टीवर होता. अशा मातब्बरांच्या मेळ्यात अविनाश शेवटच्या फेरीपर्यंत टिकून राहिला आणि अखेरच्या टप्प्यात त्याने जो वेग घेतला, त्याला उत्तर देताना एकट्या अब्राहम किबिवोटला जेमतेम यश आले. किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाशची ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्ण आणि रौप्य यांत सेकंदाच्या शंभर भागांपैकी पाच भागांचे, धावपट्टीवर मोजले तर हातभर अंतर होते. केनियाची अभेद्य वाटणारी तटबंदी बीड जिल्ह्याच्या जवानाने फोडली होती. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढील वर्षीच्या जुलैमध्ये पोलंडच्या शिलेसिया प्रांतातील खोझूफ येथे डायमंड लीगची शर्यत झाली. तिच्यात ८ मिनिटे ११.६३ सेकंदांत सहावा येऊन त्याने पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळवली. पोलंड आणि स्टीपलचेस यांचा संबंध जुना आणि गौरवाचा आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये झ्जिस्वाफ क्शिश्कोव्याक या पोलिश धावपटूने सुवर्णपदक जिंकले. त्याच परंपरेतील ब्रॉनिस्वाफ मालिनोव्स्की याने १९७६ साली माँट्रियलमध्ये रौप्य आणि १९८० साली मॉस्कोत सुवर्ण मिळवले. मॉस्कोत टांझानियाच्या फिल्बर्ट बायीने आरंभापासून झपाट्याने आघाडी घेतली होती. मालिनोव्स्कीने आपली लय न सोडता त्याला अखेरच्या फेरीत गाठले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, रस्त्यावरील अपघातात त्याचे निधन झाले. मॉस्कोतील त्याची विजयी वेळ होती ८ मिनिटे ९.७० सेकंद. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये अविनाशने जी कारकिर्दीतील सर्वोत्तम वेळ नोंदवली, ती ८ मिनिटे ९.९१ सेकंद होती.

या दोन आकड्यांतील साम्य मला फार बोलके वाटते. १९८० साली ज्या गतीने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले, त्या गतीपर्यंत भारतीय धावपटू चव्वेचाळीस वर्षांनी पोहोचला. आणि तोवर जग पुढे निघून गेलेले असल्यामुळे, त्या गतीने पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याला सहावे स्थान लाभले. इथिओपियाच्या लमेचा गिरमाचा २०२३ मधील जागतिक विक्रम ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा आहे. यात विषाद मानण्याचे कारण नाही, परंतु वस्तुस्थिती नीट ओळखण्याचे कारण अवश्य आहे. सैनींची वेळ ३७ वर्षे अचल राहिली, याचा अर्थ तेवढा काळ आपली यंत्रणा या शर्यतीत जवळजवळ निद्रिस्त होती. त्या वेळेतून जवळजवळ एकवीस सेकंद एकट्या अविनाशने, राष्ट्रीय विक्रम दहा वेळा मोडून, सहा वर्षांत वजा केले. सैनींच्या विक्रमी गतीने धावणारा धावपटू आज त्याच्याबरोबर निघाला, तर अविनाश अंतिम रेषा ओलांडील तेव्हा तो सुमारे सव्वाशे मीटर मागे असेल. आमच्या भरतीच्या मुलांना समजेल अशा मापात सांगायचे, तर अविनाशची ही गती म्हणजे सोळाशे मीटरला सुमारे ४ मिनिटे २१ सेकंद, तेही वाटेत तुळया आणि पाणी ओलांडत, आणि त्यापुढे चौदाशे मीटर अजून शिल्लक असताना.

या वाटचालीत अपयशे आलीच नाहीत असे नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला आणि जाणकारांनाही मोठा धक्का बसला. परंतु दीड महिन्याच्या आत, १ ऑक्टोबर रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धांत त्याने आघाडी घेतली ती अखेरपर्यंत सोडली नाही. ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धाविक्रमासह त्याने सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण भारताला प्रथमच लाभले होते. तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये त्याने रौप्यही मिळवले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत पाचवा येऊन त्याने अंतिम फेरी गाठली आणि ७ ऑगस्ट २०२४ रोजी ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावे स्थान पटकावले. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी येथे तो आशियाई अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. भारताला हे पद १९८९ साली दीनाराम यांच्यानंतर ३६ वर्षांनी मिळाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्याशी तो कोसळला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावे लागले. ज्या शर्यतीत अडथळा हालत नाही, तिच्यात उतरणाऱ्याला ही जोखीम प्रत्येक फेरीत पत्करावी लागते.

या शर्यतीत आपल्या राज्याचा आणखी एक मानबिंदू आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळवले होते. आष्टी आणि माण हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील, पाण्यासाठी आसुसलेले. या योगायोगावरून दुष्काळी मातीच्या गुणांचे गोडवे गाण्याचा मोह अनेकांना होतो. मला त्यापेक्षा दुसरे साम्य महत्त्वाचे वाटते: ललिता बाबर यांच्या पाठीशी रेल्वे होती आणि अविनाशच्या पाठीशी सैन्य. दोघांनाही नियमित वेतन, पोषक आहार, सरावाची सवलत, जाणते प्रशिक्षक आणि मोठ्या स्पर्धांची दारे एका सुसंघटित सरकारी खात्याने उपलब्ध करून दिली. गुण त्यांचे स्वतःचे होते, परिश्रमही त्यांचेच. पण गुणांना परिश्रमाची संधी देणारी व्यवस्था नसती, तर ते गुण त्यांना स्वतःलाही कदाचित कळले नसते.

म्हणूनच अविनाशच्या कथेतून ‘गरिबीवर मात’ एवढाच बोध घेऊन आपण स्वस्थ बसलो, तर त्याच्यावर आणि आपल्या मुलांवरही अन्याय होईल. गरिबीचे असे उदात्तीकरण शेवटी समाजाला जबाबदारीतून मोकळे करते. कारण कष्टानेच सारे साधत असेल, तर मैदान बांधण्याची, प्रशिक्षक नेमण्याची आणि वेळ मोजण्याची निकड कोणाला वाटावी? चौसाळा, नेकनूर, केज, आष्टी, पाटोदा येथील रस्त्यांवर आज जी मुले पहाटे धावतात, त्यांतील बहुतेकांचे धावणे भरतीच्या निकालाबरोबर संपते. निवड झाली तर गरज उरत नाही. निवड झाली नाही तर उमेद उरत नाही. या दोन शेवटांच्या पलीकडे तिसरी वाट असते, हे अविनाशने प्रत्यक्ष चालून दाखवले आहे. आणि ती वाट विसाव्या वर्षीही सुरू होऊ शकते, ही गोष्ट आमच्या मुलांच्या दृष्टीने त्याच्या सर्व पदकांहून अधिक मोलाची आहे.

ती वाट इतरांसाठी खुली करण्यास अफाट खर्च लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मोजून आखलेली चारशे मीटरची धावपट्टी, भरतीच्या चाचणीत वेगळ्या दिसणाऱ्या मुलाचे नाव टिपून ठेवणारा एखादा क्रीडाशिक्षक, त्या नावाचा पाठपुरावा करणारे जिल्ह्याचे क्रीडा कार्यालय, आणि राज्य पातळीवरच्या शर्यतीला जाण्या-येण्याचे भाडे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. अमरीशकुमार यांनी क्रॉसकंट्रीच्या गर्दीतून एक जवान निवडला तेव्हा त्यांच्याजवळ याहून फार मोठे साधन नव्हते. त्यांच्याजवळ पारखी दृष्टी होती आणि पारखलेल्या मुलाला सरावाला लावण्याचा अधिकार होता. सैन्याने जे आपल्या जवानांसाठी केले, ते ग्रामपंचायती, शिक्षणसंस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी आपल्या लेकरांसाठी करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. चौसाळ्याच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पुरे करून थांबलेल्या मुलाला त्याची वेळ तर सगळेच विचारतात. त्याला आणखी पुढे धावता येईल काय, हे पाहण्याची जबाबदारी आता आपण मोठ्या माणसांनी घेतली पाहिजे.